एकट्याने नांगर उचलताना विंडलास दरवेळी मध्येच बंद पडतो, त्याचं काय करायचं

विंडलास म्हणजे होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, बसवलेलं नांगराची साखळी ओढणारं विजेचं यंत्र. लक्षण असं. साखळी अर्धी वर येते, मोटरचा आवाज जड होतो आणि खट्, ब्रेकर उडतो. मग नाळेवरून केबिनमध्ये धावायचं, ब्रेकर वर करायचा, पुन्हा नाळेवर येऊन पायाचं बटण दाबायचं. चार-पाच मीटर साखळी येते की पुन्हा खट्. एवढ्यात होडी शेजारच्या होडीकडे सरकायला लागलेली असते आणि तिथला माणूस आपल्याकडे बघत उभा असतो. दोघं असली की हा त्रास फारसा जाणवत नाही, कारण एक जण सुकाणूवर असतो. मी बहुतेक वेळा एकटीच असते, त्यामुळे सलग तीन हंगाम मी हा प्रकार भोगला.

माझी होडी ३० फुटी, वजन साडेचार टन. विंडलास १२ व्होल्टचा, ७०० वॉटचा. ८ मिमीची साखळी ४० मीटर आणि नांगर १५ किलोचा. ऑक्टोबर ते मे मांडवीत बेतीच्या बाजूला मुक्काम, अधूनमधून आग्वादच्या बाहेर किंवा बोगमाळ्याकडे फेरी. पावसाळ्यात होडी पाण्याबाहेर असते. पावसाळ्यात नांगराच्या भरवशावर गोव्याच्या उघड्या किनाऱ्यासमोर राहू नये, हे इथे कुणाला सांगायला लागत नाही. २०००च्या जूनमध्ये कांदोळीला रुतलेलं 'रिव्हर प्रिन्सेस' हे जहाज आपण दहा वर्षांहून जास्त काळ बघत बसलो होतो.

पहिल्या हंगामात मी ब्रेकर बदलला. ७० अँपियरचा होता, तिथे १०० चा बसवला. हे अजिबात करू नका. ब्रेकर मोटरपेक्षा वायरच्या रक्षणासाठी असतो. मोठा ब्रेकर लावला की तो उडत नाही, त्याऐवजी वायर तापते, आणि तीही बिछान्याखालून गेलेली. मला वास आला तेव्हा अक्कल आली आणि जुना ब्रेकर परत बसवला. दुसऱ्या हंगामात मोटर खोलून कार्बन ब्रश बदलले. जुने ब्रश चांगले निम्म्याहून जास्त शिल्लक होते. पैसे गेले, खट् काही गेलं नाही.

तिसऱ्या हंगामात नेरूलच्या खाडीत एक काका भेटले. मूळचे मालवणचे, गाबीत, जन्म मासेमारीत गेलेला. त्यांनी माझा सगळा खटाटोप आपल्या होडीतून विडी ओढत बघितला आणि एवढंच विचारलं, "गो बाय, तू नांगर उचलतंस काय होडी ओढतंस?"

मी हसले. मग हिशोब करून बघितला.

पाच मीटर पाण्यात साखळी सरळ उभी लोंबकळत असेल तर नाळेच्या उंचीसह साधारण सहा मीटर साखळी विंडलासवर असते. ८ मिमी साखळी मीटरला जवळपास १.४ किलो. म्हणजे साखळी साडेआठ किलो आणि नांगर १५ किलो, मिळून २४ किलोच्या आसपास. सिमेंटच्या गोणीच्या निम्मं. एवढ्यासाठी ७०० वॉटची मोटर दमणार नाही. आता दुसरी बाजू. दुपारचा खारा वारा १५ नॉटला पोचला की ३० फुटी होडी नांगरावर साधारण ७०-८० किलोने ओढते. वारा दुप्पट झाला तर ओढ चौपट होते. त्यात ओहोटीचा प्रवाह आणि चिखलाने धरलेला नांगर मिळवा. मी बटण दाबत होते तेव्हा विंडलास हे सगळं एकटा ओढत होता, साडेचार टन होडी वाऱ्याविरुद्ध पुढे नेत होता. विंडलासच्या पुस्तिकेत ठळक छापलेला ओढीचा आकडा कमाल क्षमतेचा असतो. रोजच्या कामाचा आकडा त्याहून बराच लहान असतो आणि बारीक अक्षरात असतो.

दोघं असताना सुकाणूवरचा माणूस नकळत इंजिन पुढे टाकतो, साखळी ढिली पडते आणि विंडलास फक्त ढिली साखळी गोळा करतो. एकट्या माणसाला दोन्ही टोकांना उभं राहता येत नाही, म्हणून तो नाळेवर उभा राहतो आणि इंजिनचं काम विंडलासकडून करून घेतो. माझ्या त्रासाचा तीन चतुर्थांश भाग हाच होता.

आता मी कशी उचलते

आधी इंजिन सुरू करते, कारण चालू इंजिनमुळे बॅटरीचा व्होल्टेज टिकतो. सुकाणूचा दांडा मधोमध दोराने बांधते. स्नबर, म्हणजे साखळीला हूकने अडकवून नाळेच्या खुंटाला बांधलेला नायलॉनचा दोर, सोडून काढते. हे वाक्य मुद्दाम लिहिते आहे, कारण एकदा मी स्नबर न सोडताच साखळी ओढायला घेतली होती. ब्रेकर उडाला आणि मी पंधरा मिनिटं वायरींवर संशय घेत बसले.

मग कॉकपिटमध्ये, म्हणजे मागे सुकाणूपाशी, येऊन इंजिन मंद गतीवर पुढच्या गिअरमध्ये, मनात पाच-सात आकडे मोजेपर्यंत. न्यूट्रल. मग चालत नाळेवर. धावत नाही, लाइफ जॅकेटचा पट्टा डेकवरच्या दोरीला अडकवलेला असतो. होडी अजून पुढे सरकत असते, साखळी ढिली असते, ती गोळा करते. साखळी पुढे ताणली गेली की बटणावरून पाय काढते. थांबते. इथे थांबणं सगळ्यात अवघड. पाण्यात झोळ पडलेल्या साखळीचं वजनच होडीला हळूहळू पुढे खेचतं. दोन झुळकांच्या मधे साखळी पुन्हा ढिली पडते, तेवढी घ्यायची. वारा कमी असेल तर इंजिनकडे परत जावंसुद्धा लागत नाही. वारा जोरात असेल तर हीच फेरी तीन-चार वेळा. यात दहा मिनिटं जातात. पूर्वी माझी पंचवीस जायची, वर शिव्या वेगळ्या.

साखळी सरळ खाली उभी झाली की नांगर चिखलातून उपटायचा असतो आणि इथेही विंडलासला हात लावत नाही. साखळी चेन स्टॉपरमध्ये, म्हणजे ती जागेवर धरून ठेवणाऱ्या खिट्टीत, अडकवते, भार स्टॉपरवर. मग दोन पर्याय. बोटींच्या लाटांवर नाळ वरखाली होत असेल तर होडीच नांगर सैल करते. मांडवीत हे फुकट मिळतं, पर्यटकांच्या बोटी दिवसभर फिरत असतात. नाहीतर कॉकपिटमधून इंजिन मंद पुढे, नाळ एकदम मोकळी झाल्यासारखी हलते, तेव्हा नांगर सुटला समजायचं. नंतर बटण दाबून धरायचं आणि थांबायचं नाही, कारण आता होडी कुणाच्याच ताब्यात नाही. म्हणून सुटायच्या आधीच बघून ठेवायचं की नाळ कुठल्या बाजूला पडेल आणि त्या बाजूला काय आहे.

चिखल धुणं नंतर. नांगर पाण्याच्या जरा खाली लोंबकळत ठेवून मोकळ्या पाण्यात एक-दीड नॉटने थोडं पुढे गेलं की निम्मा चिखल आपोआप जातो. फक्त नांगर होडीच्या अंगाला आपटणार नाही एवढं बघा.

खारा वारा आणि ओहोटी

हे नदीत राहणाऱ्यांसाठी. ओहोटीचं पाणी पश्चिमेला, समुद्राकडे जातं. दुपारचा खारा वारा पश्चिम-वायव्येकडून नदीत आत येतो. दोन्ही समोरासमोर. खोल कण्याची, म्हणजे तळाची पात पाण्यात खोल गेलेली, होडी प्रवाहाचं ऐकते आणि वारा तिला मागून पुढे ढकलतो. परिणामी होडी स्वतःच्या नांगरावर चढून बसते, साखळी नाळेखालून मागे जाते आणि कण्याला घासते. अशा वेळी उचलायला गेलं तर साखळी नाळेच्या चाकावर तिरकी घासते, भार वाढतो, आणि पुढे गिअर टाकला तर आणखीच घोळ. माझे जवळपास सगळे जॅम दुपारी चार ते सहाच्या दरम्यान झाले होते, हे वही चाळताना लक्षात आलं.

उपाय यंत्राचा नाही, वेळेचा आहे. पहाटे मतलई वारा पूर्वेकडून, जमिनीवरून येतो. त्या वेळी ओहोटी असेल तर वारा आणि पाणी एकाच दिशेने, होडी सरळ उभी, साखळी पुढे ताणलेली, आणि उचलून निघालं की नदीच तुम्हाला समुद्रापर्यंत सोडते. पहाटे जमत नसेल तर भरती-ओहोटीच्या मधलं निवांत पाणी गाठा. भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असलेल्या दिवसांत प्रवाह सौम्य असतो, तेव्हा थोडी सूट मिळते. उधाणात अजिबात नाही.

टाकतानाचा हिशोबही यातच येतो, कारण कमी साखळीवर उभी असलेली होडी झटके देते आणि ते झटके शेवटी विंडलासपर्यंत पोचतात. ओहोटीला तीन मीटर पाणी, उधाणाची दोन मीटर वाढ, नाळेची उंची सव्वा मीटर, मिळून सव्वासहा. त्याच्या पाचपट, म्हणजे ३१-३२ मीटर साखळी. नुसत्या खोलीच्या पाचपट धरली तर १५ मीटरवर समाधान मानाल आणि रात्री भरतीला होडी चालू लागेल. टाकून झालं की स्नबर लावा, विंडलासवर रात्रभर भार ठेवू नका.

हे सगळं करूनही ब्रेकर उडत असेल तर

माझा उरलेला चतुर्थांश इथे होता. ऑक्टोबरमध्ये पहिल्या आठवड्यात त्रास जास्त आणि नंतर थोडा कमी, असं तुमचंही होत असेल तर वायरिंगकडे बघा. चार महिने पावसाळी खारट दमटपणात पडलेल्या जोडांवर हिरवट थर चढतो.

विंडलासपर्यंत आलेल्या वायरींवर नुसता व्होल्टेज मोजून उपयोग नाही. बटण न दाबता तो १२.६ च दिसेल, कारण विद्युतप्रवाह वाहत नसतो. मोजायचं ते साखळी ओढत असताना. एकट्याने पाय बटणावर आणि हातात दोन प्रोब हे जमत नाही, म्हणून मगरीच्या तोंडाचे चिमटे आणि दहा मीटर साधी पातळ वायर घ्या. मल्टिमीटरचा एक चिमटा बॅटरीच्या धन टोकाला, दुसरा विंडलासच्या धन टोकाला. मीटर नाळेवर समोर ठेवा, बटण दाबा, आकडा वाचा. हा आकडा म्हणजे वाटेत हरवलेला व्होल्टेज. मग तीच मोजणी ऋण बाजूची.

अपेक्षित किती? माझ्या होडीत ३५ चौरस मिमीची तांब्याची केबल एका बाजूला दहा मीटर आहे, तिचा रोध ०.००५ ओहम. ७० अँपियरला ०.३५ व्होल्ट. जोडांसकट अर्ध्या व्होल्टपर्यंत ठीक. माझ्या धन बाजूला अर्धा व्होल्ट आला. ऋण बाजूला १.९. म्हणजे जवळपास दीड व्होल्ट एका कुठल्या तरी जोडात मरत होता. ७० अँपियरला दीड व्होल्ट म्हणजे १०० वॉट उष्णता, एका लगमध्ये, म्हणजे वायरच्या टोकाला बसवलेल्या कडीत. बटण सोडल्या-सोडल्या एकेका जोडावर हात ठेवत गेले. साखळीच्या खणामागच्या जोडावर बोट ठेवता येईना.

ऋण वायर सगळेच विसरतात. लाल वायरला मान, काळी वायर पोरकी. साखळीच्या खणातून पाझरलेलं पाणी थेट त्या लगवर टपकत होतं. लग कापला, मागची तार काळी पडली होती म्हणून आणखी वीत-दीड वीत कापली, चकाकतं तांबं दिसेपर्यंत. कल्हई केलेला तांब्याचा लग हायड्रॉलिक क्रिंपरने दाबून बसवला, आत गोंद असलेली श्रिंक ट्यूब चढवली आणि जोड पाण्याच्या वाटेतून वर घेतला. खर्च दोन-तीन जेवणांचा.

व्होल्टेज कमी पडला की मोटर तेवढ्याच जोरासाठी जवळपास तेवढेच अँपियर घेते, पण हळू फिरते. म्हणजे तेच काम जास्त वेळ चालतं. उष्णतेवर चालणारा ब्रेकर वेळही मोजतो, म्हणून तो अर्ध्यावर उडतो. पाच मिनिटांनी निवला की पुन्हा थोडा वेळ चालतो आणि माणसाला वाटतं, मोटरच बिघडली आहे.

बटण दाबल्यावर नुसता टक् आवाज येतो आणि मोटर हलतच नाही, असं असेल तर सोलेनॉइड, म्हणजे मोटरला वीज जोडणारा मोठा विजेचा स्विच, बघा. टक् येतच नसेल तर पायाचं बटण. त्याचा रबरी पडदा उन्हाने तडकतो आणि पाणी आत जातं. रबर स्वस्त आहे, एक जास्तीचं ठेवा. आणि काम झालं की विंडलासचा मुख्य स्विच बंद करा. माझ्या बटणावर एकदा पाण्याची बादली ठेवली गेली होती, आणि विंडलास नांगर नाळेत ओढून ओढून आपणहून दमला.

वायरलेस रिमोटबद्दल मला बरेच जण विचारतात. माझ्याकडे आहे, पण तो मी फक्त नांगर टाकताना वापरते. उचलताना साखळी कुठल्या दिशेला गेली आहे हे कॉकपिटमधून दिसत नाही आणि जॅम झालेला ऐकू येईपर्यंत उशीर होतो.

साखळी खणातच अडकते

हा वेगळा रोग, पण लक्षण सारखंच. विंडलासखालच्या नळीतून पडणारी साखळी खणात एकाच जागी रचत जाते, वारुळासारखी. शेंडा नळीला टेकला की आत यायला जागा उरत नाही आणि साखळी चाकाखाली कोंबली जाते. नळीच्या तोंडापासून ढिगाच्या शेंड्यापर्यंत निदान एक फूट मोकळी उंची हवी. माझ्या खणात ती नव्हती, कारण साखळीखाली मी स्वतःच जुन्या दोरांची वेटोळी आणि दोन फेंडर (होडीच्या अंगाला लावायच्या फुगीर उशा) कोंबून ठेवले होते. ते काढले आणि प्रश्न मिटला. तोवर मी दर १५ मीटरला थांबून काठीने ढीग पाडायचे. हात कधीच घालू नका, बटण बंद असलं तरी. खणाच्या तळाचं पाणी जायचं भोकही बघा, मांडवीचा चिखल त्यात सिमेंटसारखा बसतो.

साखळी चाकावरून उड्या मारत असेल तर मात्र माप चुकलेलं असू शकतं. ८ मिमीमध्ये ही भानगड सहसा नसते. १० मिमीमध्ये दोन मापं चालतात: जर्मन डीआयएन ७६६ च्या कडीचं आतलं अंतर २८ मिमी, आयएसओ ४५६५ चं ३० मिमी. दोन मिमी म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण पाच-सहा कड्यांत चाकाचा खळगा निसटतो. दुकानात दोन्ही सारख्याच दिसतात. दहा कड्या जमिनीवर ताणून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजा. ३० सेंमी भरलं तर पहिलं माप, ३२ भरलं तर दुसरं.

विंडलास पूर्ण मेला तर

क्लच सैल करून हँडलने उचलता येतं, पण एकट्याने ते घामाचं काम. मी दुसरी वाट धरते. साखळीच्या हूकला लांब दोर, तो डेकवरून कॉकपिटमधल्या शिडाच्या विंचवर. चार-पाच मीटर ओढायचं, नाळेवर जाऊन साखळी स्टॉपरमध्ये अडकवायची, हूक पुढे न्यायचा, परत. वेळ लागतो, बोटं शाबूत राहतात. नांगर जुन्या बार्जच्या मुरिंगमध्ये (ती बांधायच्या तळाच्या साखळ्यांत) किंवा जाळ्यात अडकल्याची शंका असलेल्या जागी मी नांगराच्या मागच्या टोकाला वेगळा दोर आणि लहान तरंगता बोया बांधते, म्हणजे उलट्या बाजूने उपटता येतो. गर्दीच्या जागी बांधत नाही, कुणाचा तरी पंखा त्यात गुंततो.

मांडवीला वरच्या अंगाला म्हादेई म्हणतात आणि त्याच नावाची नौदलाची शिडाची नौका दिवाडी बेटावर बांधली गेली. तिच्यातून दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वी फिरून आले आणि अभिलाष टॉमी २०१२-१३ मध्ये कुठेही न थांबता. न थांबता म्हणजे वाटेत नांगर टाकायचाच नाही. त्या एका बाबतीत त्यांचं आपल्यापेक्षा सोपं होतं, असं मी गंमतीने म्हणत असते.

एक गोष्ट ऑक्टोबरमध्ये होडी पाण्यात सोडण्याआधीच करा. साखळी पूर्ण बाहेर काढा आणि तिचं आतलं टोक कशाला बांधलं आहे ते बघा. ते जाड नायलॉनच्या दोराने बांधलेलं हवं, आणि दोर डेकपर्यंत पोचेल एवढा लांब, म्हणजे अडीअडचणीला साखळीला फेंडर बांधून दोर सुरीने कापता येईल आणि नांगर नंतर येऊन उचलता येईल. माझं टोक शॅकलने, म्हणजे खिळीच्या लोखंडी कडीने, जोडलेलं होतं. शॅकल गंजून कडीशी एकजीव झाला होता, तो ग्राइंडरने कापायला पाऊण तास लागला, तोही जमिनीवर उभ्या होडीत.